म्हैस बुजते तेव्हा

शुक्रवारी सकाळी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलात, तर पहिला प्रश्न गावाच्या नावाबद्दलच पडेल. घोडे कुठायत? जिकडे बघावं तिकडे म्हशी! नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं नेवासे तालुक्यातलं हे गाव. शनिशिंगणापूरला जाणारे इथून वळतात, आणि म्हैस घ्यायची असेल ते इथंच उतरतात.

मी उतरलो तेव्हा एका टेम्पोपाशी गर्दी होती. मागचा फाळका पाडून फळी लावलेली आणि फळीपुढे एक काळीभोर म्हैस खांब रोवावा तशी उभी. दोघं कासरा ओढतायत, तिसरा शेपूट पिरगाळतोय. म्हैस इंचभर हलेना. तेवढ्यात एक म्हातारबाबा आले. त्यांनी टेम्पोच्या कडेला फडफडणारं ताडपत्रीचं टोक आत खोचलं, फळीवर उसाचं पाचट पसरलं, शेपटीवाल्याला बाजूला केलं आणि स्वतः म्हशीच्या खांद्यामागे, कुशीला उभे राहिले. म्हशीनं मान खाली घातली, पाचट हुंगलं आणि चढून गेली. “बुजली व्हती,” एवढंच म्हणून बाबा चहाला गेले.

बुजली म्हणजे नेमकं काय झालं? जरा तिच्या डोळ्यांनी बघू. आपले डोळे समोर, तिचे बाजूला. त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ सगळा परिसर दिसतो. नेमकं शेपटीमागचं तेवढं दिसत नाही, आणि शेपूट पिरगाळणारा उभा होता तो तिथंच! तिच्या लेखी तो माणूस नव्हताच. कुठूनशी नुसती वेदना येत होती. दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा पट्टा मात्र अरुंद, म्हणून खोली कळायला तिला मान खाली घालून थांबावं लागतं. फळीखालची सावली तिला खड्डा वाटते. आपण ज्याला आडमुठेपणा म्हणतो, तो तिचा मोजमाप घ्यायचा वेळ असतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकी बाईंनी हे कसं शोधलं ठाऊक आहे? गुरं जिथं अडतात त्या बोळात त्या स्वतः शिरल्या आणि गुरांच्या उंचीवरून बघितलं. लोंबती साखळी, खुंटीवरचा कोट, डबक्यातली चमक. एवढ्याशा गोष्टींनी शंभर जनावरांची रांग थांबत होती. आज जगभरच्या अनेक मोठ्या कत्तलखान्यांतल्या वाटा वळणदार आणि बंद भिंतींच्या असतात, त्यात या बाईंचा मोठा हात आहे. आमच्या बाबांना हे कुणी शिकवलं, देव जाणे.

बाजारात पुढं सरका. इथं कुणी म्हशीचा जबडा उघडून वय वाचतोय. खालच्या पुढच्या आठ दातांपैकी दुधाचे किती पडले, पक्के किती आले, त्यावर दोन दाती, चार दाती. तिकडे कुणी कास चाचपतोय. आणि कास हे प्रकरण भलतंच नवलाचं आहे.

तुम्हाला वाटतं ना, कास म्हणजे दुधाची पिशवी? मला वाटायचं. प्रत्यक्षात म्हशीच्या कासेत सडांच्या वरच्या पोकळीत पाचेक टक्केच दूध असतं. बाकी सगळं डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पेशीपिशव्यांत अडकलेलं. ते खाली यायला मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचा सांगावा रक्तातून यावा लागतो. पारडू ढुसण्या देतं, ओळखीचा हात लागतो, पेंडीचं घमेलं वाजतं, की सांगावा निघतो. हाच पान्हा. पण म्हैस घाबरलेली असेल तर रक्तात अ‍ॅड्रिनलिन उसळतं आणि सांगावा कासेपर्यंत पोचूनही दारं उघडत नाहीत. शेतकरी म्हणतो, “दूध चोरती.” चोरत नाही हो, तिच्या हातात ते नसतंच! मग गिऱ्हाइकाला भरलेली कास दिसावी म्हणून आदल्या दिवसापासून धारच न काढण्याची युक्ती काही जण करतात. तुंबून दगड झालेली ती कास घेऊन म्हैस दिवसभर पाय फाकवून उभी राहते. बाजारातली मला सगळ्यात न बघवणारी गोष्ट हीच.

आता दुसरं टोक. भाकड झालेली, पुन्हा गाभण राहत नाही अशी म्हैस कुठं जाते? दुधाच्या चहाचा घोट घेताना आपण हे विचारत नाही. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गायीची कत्तल बंद केली, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीला ते कवच नाही. कामाची उरली नाही असं प्रमाणपत्र मिळालं की वाट मोकळी. भारतातून गोमांस निर्यात करायला बंदी आहे, पण म्हशीचं मांस गोठवून जहाजांनी बाहेर जातं. आणि इथं तो चमत्कार आहे, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

जनावर मेलं की त्याचे स्नायू लगेच मरत नाहीत. त्यांना खबरच नसते! रक्त थांबलं, प्राणवायू थांबला, तरी ते आपल्यातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, काही तास जाळत राहतात. प्राणवायूवाचून साखर जळली की लॅक्टिक आम्ल तयार होतं. ओळखीचं नाव आहे ना? दही आंबट करतं तेच हे आम्ल. मांसाला जणू आतूनच विरजण लागतं. जिवंतपणी साधारण 7 असलेला सामू, म्हणजे पीएच, दिवसभरात साडेपाचच्या आसपास उतरतो, आणि सामू जितका खाली तितकं आम्ल जास्त. त्या आंबटपणात जंतू सहजी वाढत नाहीत.

पण विरजायला साखर तर हवी! बुजलेली, मारलेली, रात्रभर उभ्यानं प्रवास केलेली म्हैस ती साखर आधीच उधळून बसते. अ‍ॅड्रिनलिन साठ्याचं कुलूपच काढतं. मग मेल्यावर आम्ल होत नाही, सामू 6 च्या वर राहतो, मांस काळपट, घट्ट, कोरडं होतं आणि लवकर नासतं. म्हणजे शेवटच्या दिवशी तिच्याशी कोण कसं वागलं, त्याची नोंद तिच्याच पाठीच्या स्नायूत राहते. सामू मोजायची सळई टोचा, आकडा वाचा.

आणि तो आकडा खरोखर वाचतात. आपल्याकडे गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग मुरलेला, मांसाबरोबर तो बाहेर जायची भीती. पण त्याचा विषाणू आम्लाला भितो. सामू 6 च्या खाली गेला की टिकत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा, की मांस गोठवण्याआधी चोवीस तास मुरू द्यायचं, हाडं आणि लसिकाग्रंथी काढायच्या, कारण तिथं आम्ल पोचत नाही, आणि पाठीच्या स्नायूचा सामू 6 च्या आत हवा. म्हशीची धास्ती थेट निर्यातीच्या कागदाला जाऊन भिडते! खरं सांगू, मला यात आनंद आणि लाज दोन्ही वाटते. दयेला कुणी विचारत नव्हतं. सामूनं ती दरात आणली.

आपल्या 2001 च्या कत्तलखाना नियमांत, तपासणीनंतर जनावराला चोवीस तास विश्रांती द्या, दुसऱ्या जनावराच्या डोळ्यांदेखत कापू नका, असं लिहिलेलं आहे. चोवीस तास पुरतात का? आपण धावून दमलो तर भात-वरण खाऊन एखाद्या दिवसात साठा भरतो. म्हशीचं तसं नाही. तिनं खाल्लेला कडबा आधी पोटातल्या जंतूंची पंगत उठवतो. जंतू त्याची आम्लं करतात, ती आम्लं यकृतात जातात आणि यकृत त्यातून थेंब थेंब साखर घडवतं. रिकामा झालेला साठा पुरता भरायला रवंथ करणाऱ्या जनावराला कित्येक दिवस लागतात. उधळायला मात्र टेम्पोतला एक प्रवास पुरतो.

1978 चा वाहतूक नियम सांगतो, मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरू नयेत. 2016 पासून प्रत्येक म्हशीला दोन चौरस मीटर जागा आणि मध्ये आडोसा. दोन चौरस मीटर म्हणजे साधारण एका माणसाची चटई.

दुपारी बाजार पांगत आला. सकाळची म्हैस कुणा दूधवाल्यानं घेतलेली, तिचं बरं होतं. पण रस्त्याकडेच्या दुसऱ्या गाडीत भाकडं भरणं चाललं होतं. फळीवर पाचट नव्हतं. एक म्हैस अडली, मान खाली घालून फळीकडे बघत राहिली. मागून काठी वाजली. मी टेकलो होतो त्या पाराजवळ बाबांचा चहाचा पेला रिकामा पडलेला, आणि बाबा कुठंच दिसत नव्हते.