आरएसव्ही : बाळाला उसनी प्रतिपिंडं

ते रापातल्या मैत्रिणीचं बाळ जून 2024 मध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात जन्मलं. तिने विचारलं, "आरएसव्हीची लस कधी देतात?"

खरं तर बाळांना देतात ती लस नव्हेच, तयार प्रतिपिंडं असतात. लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते. महिन्याभराच्या बाळाला शिकायला वेळ कुठे?

जुनं पॅलिविझुमॅब साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, म्हणून हिवाळाभर दरमहा टोचावं लागतं. नव्या निर्सेव्हिमॅबमध्ये प्रतिपिंडाच्या शेपटाकडची तीन अमिनो आम्लं बदलली आहेत. त्यामुळे पेशी ते मोडीत न काढता पुन्हा रक्तात सोडतात आणि एकच इंजेक्शन सुमारे पाच महिने पुरतं.

त्याच हिवाळ्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाने ते तिथल्या बाळांना मोफत दिलं. न्यूझीलंडमध्ये मात्र सरकारी खर्चाने मिळत होतं ते पॅलिविझुमॅब, तेही खूप अकाली जन्मलेल्या किंवा हृदय-फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्या मोजक्या बाळांना. आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होणारी बहुतेक बाळं तर पूर्ण दिवसांची, एरवी धडधाकट असतात! मला हे गणित पटत नाही.

मैत्रिणीला सांगितलं, सर्दी झालेल्या कुणी बाळाला घेऊ नये, मग ती भारतातून आलेली आजी का असेना. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा बाळ दूध पिईनासं झालं, तर थेट रुग्णालय गाठ.