पैसे भरले, तरी नाव थकबाकीदारांत कसं? ऑनलाइन वसुलीत ‘कोणी भरले’ याची नोंद अशी ठेवतात

खात्यातून २,५०० रुपये गेले, सोसायटीच्या बँक खात्यात जमाही झाले. तरी यादीत फ्लॅट नंबर ३०४ समोर ‘थकबाकी’ लिहिलेलंच आहे. सोसायटीचा मेंटेनन्स असो, क्लासची फी असो की वाचनालयाची वर्गणी, ऑनलाइन वसुली सुरू झाली की हा वाद कधी ना कधी होतोच.

अशा वेळी पैसे बहुतेकदा हरवलेले नसतात. ते कोणाचे, ही नोंद हरवलेली असते. आणि हे प्रकरण किरकोळ नाही. थकबाकीवर व्याज लागतं, चारचौघांत नाव खराब होतं आणि थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला सोसायटीच्या व्यवस्थापन समितीची निवडणूकही लढवता येत नाही.

घोळ नेमका कुठे होतो?

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि पैसे पाठवणं सोपं झालं. पण बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतं ते खातेदाराचं नाव किंवा यूपीआय आयडी, रक्कम आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक. फ्लॅट वडिलांच्या नावावर, पैसे पाठवते मुलगी. कुठे भाडेकरू पाठवतो. त्यात सगळ्यांची रक्कम सारखी. एकाच दिवशी २,५०० च्या वीस नोंदी आल्या, तर कोणती कोणाची हे खजिनदार ओळखणार कसं?

मग उपाय काय?

महावितरणचं वीजबिल आठवा. बिल कोणीही, कुठल्याही फोनवरून भरलं तरी ते १२ अंकी ग्राहक क्रमांकावर जमा होतं. पैसे शेजाऱ्याने भरले तरी फरक पडत नाही. ऑनलाइन वसुलीचं सूत्र हेच आहे: देणं कोणाचं आणि पैसे पाठवले कोणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून प्रत्येक देणेकऱ्याला एक कायमचा क्रमांक द्यायचा. नाव, मोबाइल, ईमेल, येणं रक्कम आणि आधीच्या पावत्या हे सगळं त्या क्रमांकाखाली ठेवायचं. मोबाइल नंबरलाच ओळख मानू नये. नंबर बदलतो, बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो आणि कधी दोन फ्लॅटना एकच नंबर असतो.

पैसे आपोआप योग्य नावावर कसे जातात?

• स्वतंत्र लिंक किंवा क्यूआर: भिंतीवर चिकटवलेला क्यूआर सगळ्यांसाठी एकच असतो. बिलागणिक तयार होणाऱ्या क्यूआरमध्ये रक्कम आणि बिलाचा संदर्भ आधीच भरलेला असतो.
• व्हर्च्युअल खातं: बँक प्रत्येक देणेकऱ्यासाठी वेगळा खाते क्रमांक देते. पैसे मुख्य खात्यातच जातात, पण कोणाच्या नावे आले ते लगेच कळतं.
• ऑटोपे: ग्राहकाने एकदा परवानगी दिली की ठरलेल्या तारखेला रक्कम जाते. त्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते.

नोंदी सांभाळताना काय पाळायचं?

एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी झाल्या, एक मराठीत आणि एक इंग्रजी स्पेलिंगने, तर एक सरळ पुसून टाकू नका. दोन्ही एकत्र करा, म्हणजे जुन्या पावत्या टिकतात. फ्लॅट विकला गेला, तर जुन्या नावावर नवं नाव टंकू नका. तसं केलं तर जुन्या मालकाने भरलेले पैसे नव्या मालकाच्या नावे दिसू लागतात. जुनी नोंद ‘बंद’ करा आणि नवी उघडा. बदल कोणी केला आणि कधी, हेही लिहून ठेवा.

काय साठवायचं नाही?

कार्डाचा पूर्ण नंबर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून पैसे घेणाऱ्या दुकानाला किंवा संस्थेला तो साठवता येत नाही. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव पुरतं. पुढच्या वेळी नंबरऐवजी ‘टोकन’ वापरलं जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वही असंच आहे: लागेल तेवढीच माहिती घ्या. मेंटेनन्ससाठी जन्मतारीख लागत नाही. आणि सगळ्यांचे नंबर असलेली एक्सेल फाइल ग्रुपवर टाकणं तर नकोच.

तुम्ही पैसे भरणारे असाल तर?

पैसे पाठवताना ‘नोट’मध्ये फ्लॅट किंवा ग्राहक क्रमांक आणि महिना लिहा. नुसतं ‘मेंटेनन्स’ लिहून उपयोग नाही. १२ अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवा. स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो, क्रमांक मात्र बँकेच्या स्टेटमेंटशी पडताळता येतो. दुसऱ्या कोणाच्या खात्यातून भरलंत किंवा मोबाइल बदललात, तर कार्यालयाला त्याच आठवड्यात कळवा आणि पावतीवरचं नाव वाचून बघा.

एक शेवटचं. नोंद दुरुस्त करायला तुमचा यूपीआय पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. ‘तुमचं पेमेंट अपडेट करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्या आणि थेट कार्यालयात विचारा.