नारळ फुटतात, फीत कापायची राहते

जुलै २०१४ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी लोकसभेत रेल्वेचा अर्थसंकल्प मांडताना काही आकडे सांगितले होते. त्याआधीच्या ३० वर्षांत १,५७,८८३ कोटी रुपयांचे ६७६ प्रकल्प मंजूर झाले. त्यांपैकी पुरे झाले ३१७. उरलेल्या ३५९ प्रकल्पांना आणखी १,८२,००० कोटी रुपये लागणार होते. म्हणजे सगळी कामे मिळून ज्या रकमेत व्हायची, त्याहून मोठी रक्कम निम्म्याअधिक कामांसाठी अजून उभी करायची होती! आधीच्या दहा वर्षांत मंजूर झालेल्या ९९ नव्या मार्गांपैकी तर एकच पूर्ण झाला होता.

असे आकडे ऐकले की आपण लगेच ठेकेदाराला, अभियंत्याला, नाहीतर पुढाऱ्याला दोष देतो. तो अनेकदा खराही असतो. पण घटकाभर असे धरून चालू की सगळे ठेकेदार सचोटीचे आहेत आणि सगळे अभियंते कामसू आहेत. तरीही ही कामे रखडलीच असती. कारण दुखणे कोणा एका कामात नाही, ते कामांच्या यादीत आहे. व्यवस्थापनशास्त्रात या यादीला ‘प्रोजेक्ट पोर्टफोलिओ’ म्हणतात. एखादे खाते एकेक काम कसे करते हा एक प्रश्न झाला. हातातल्या पैशात कोणती कामे घ्यावीत, कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि कोणती घेऊच नयेत हे त्याला ठरवता येते का, हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे चर्चा होते ती पहिल्याचीच.

यातले गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. समजा, एका खात्याकडे प्रत्येकी १०० कोटींची दहा कामे आहेत आणि वर्षाला मिळतात १०० कोटी. सर्वांना ‘समान न्याय’ म्हणून प्रत्येक कामाला दरवर्षी दहा कोटी दिले, तर दहाही कामे दहाव्या वर्षी पुरी होतील. तोवर कोणालाच काही मिळणार नाही. उलट एकामागून एक काम घेतले, तर पहिले पहिल्याच वर्षी पुरे होईल, दुसरे दुसऱ्या वर्षी, आणि रांगेतले शेवटचे दहाव्या वर्षी. म्हणजे शेवटच्याचेही काही बिघडले नाही आणि बाकी नऊ जणांचा फायदा झाला. धरण किंवा लोहमार्ग एका वर्षात उभा राहत नाही, भूसंपादनाला वेळ लागतो, हे खरे. पण त्याने तपशील बदलतो, निष्कर्ष बदलत नाही. शिवाय या हिशेबात महागाई धरलेलीच नाही. ती धरली की ‘समान न्याय’ आणखी महाग पडतो.

बीडकरांना हे गणित कागदावर मांडून दाखवण्याची गरज नाही. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, तो पुढे साडेचार हजार कोटींच्या वर गेला. आष्टीपर्यंत गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीडला पहिली गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तिशीचे झाले होते!

मग याद्या का फुगतात? कारण मंजुरीत सर्वांचाच फायदा असतो. खासदाराला मतदारसंघात सांगायला काहीतरी मिळते, मंत्र्याच्या पाठीशी पाठिंबा उभा राहतो, खात्याचा पसारा वाढतो. काम नाकारण्यात मात्र कोणाचाच फायदा नसतो. म्हणून नकारही दिला जात नाही आणि पैसेही दिले जात नाहीत. यादीतले नाव जिवंत राहावे म्हणून नाममात्र तरतूद केली जाते. रेल्वेच्या कागदपत्रांत एखाद्या मार्गापुढे केवळ एक हजार रुपये लिहिलेले आढळतात, ते यामुळेच.

पाटबंधाऱ्यांची कहाणी याहून निराळी नाही. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले आणि या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल असे ठरवले. त्याआधी पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, या धास्तीतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रोख्यांतून पैसा उभारून कामांचा धडाका लागला. धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण पाणी अडवणे वेगळे आणि ते शेतात पोहोचवणे वेगळे. भिंत दिसते, पोटचारी दिसत नाही. म्हणून भिंती आधी उठल्या आणि कालवे मागे राहिले. नगर जिल्ह्यातल्या निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि प्रकल्पाचा खर्च तोवर ५,१७७ कोटींवर गेला होता.

तेव्हा एखाद्या खात्याचा कारभार जोखायचा तर ‘किती कामे सुरू आहेत’ आणि ‘किती टक्के निधी खर्च झाला’ हे नेहमीचे दोन प्रश्न बाजूला ठेवावेत. पहिला प्रश्न असा विचारावा : चालू कामांची उरलेली किंमत भागिले वर्षाची तरतूद किती? उत्तर वीस आले, तर नवे काम न घेताही यादी संपायला वीस वर्षे लागणार. दुसरा : कामांचा अग्रक्रम लिहून ठेवलेला आहे का, आणि मंत्री बदलला तरी तो टिकतो का? तिसरा : सुधारित प्रशासकीय मान्यता देताना, म्हणजे वाढीव खर्च मान्य करताना, काम अजूनही करण्याजोगे आहे का हे कोणी तपासते का, की फक्त शिक्का उमटतो? चौथा : काम पुरे झाल्यावर कबूल केलेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत गेले का, गाड्या धावल्या का? आणि पाचवा, सर्वांत अवघड : या खात्याने गेल्या दहा वर्षांत एखाद्या कामाला ‘नाही’ म्हटले आहे का?

अग्रक्रम लावणे अशक्य नाही. २०१६ मध्ये केंद्राने देशभरातले रखडलेले ९९ पाटबंधारे प्रकल्प निवडले, त्यांत महाराष्ट्राचे २६ होते, आणि त्यांच्यासाठी वेगळा निधी व २०१९ अखेरची मुदत ठरवली. अनेकांना ती मुदत गाठता आली नाही. तरीही मुदत होती, म्हणून ती चुकली हे तरी सांगता येते. ज्या यादीला क्रमच नाही, तिच्यातले काम कधी उशिरा होतच नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे ऐकला पाहिजे. रांग लावली की मागास भाग शेवटी जाईल, ही विदर्भ-मराठवाड्याची भीती अनुभवातून आली आहे. पण त्यावरचा इलाज सर्वांना चिमूट-चिमूट देणे हा नव्हे. अनुशेष मोठा असेल तर त्या भागाला रांगेत पुढे उभे करा आणि मग त्याचे काम तडीस न्या. न्याय क्रमात असावा. शितोडे सगळ्यांवर सारखे उडवले म्हणून कोणाची तहान भागत नाही.

शेवटी, रखडलेल्या कामाची किंमत केवळ तिजोरी मोजत नाही. ज्याची जमीन धरणात किंवा रुळांखाली गेली, त्याने आपला वाटा अगदी सुरुवातीलाच देऊन टाकलेला असतो. वाट पाहायची उरते ती त्यालाच. नव्या कामाच्या भूमिपूजनाचे निमंत्रण आले, तर हार घेऊन जायला हरकत नाही. पण जाताना एवढे विचारावे : मागच्या नारळाचे काय झाले?