भालजींचे शिलेदार घरी कधी येणार?

दर आषाढात पन्हाळगडावरून पावनखिंडीकडे पायी मोहिमा निघतात. पावसात भिजत, चिखल तुडवत तरुण पोरं ती वाट चालतात, कारण १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या खिंडीत शत्रूला रोखून धरलं होतं. मोहिमेवरून परत आलेल्या पोराला ती लढाई पडद्यावर बघावीशी वाटली, तर दिग्पाल लांजेकरांचा २०२२ चा ‘पावनखिंड’ मोबाइलवर लगेच मिळतो. पण त्याच नावाचा चित्रपट कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी १९५६ मध्ये काढला होता. त्याची पूर्ण, स्वच्छ, आवाज नीट ऐकू येईल अशी प्रत त्याला कुठे विकत घेता येत नाही.

‘पावनखिंड’ एकटा नाही. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) अशी ही मोठी रांग आहे. कागदावर हे सगळे सुटे चित्रपट. पण ओळीने बघितले तर मला त्यांत एक मालिका दिसते, आणि मराठीत साहसपटांची याहून मोठी मालिका कुणी उभी केलेली नाही. नावांकडेच बघा. एकात सरनौबत, एकात हेर. राजा मध्यभागी आहेच, पण कथा पुष्कळदा त्याच्या माणसाच्या खांद्यावरून पुढे सरकते. वेषांतर, निरोप पोचवणं, रात्रीचे छापे, घोडदौड, शब्द पाळण्यासाठी जीव देणं, साहसकथेला लागणारं सगळं इथे आहे. शिवाय भालजींची भाषा. पल्लेदार, ठसक्याची, नाटकाच्या रंगमंचावरून आलेली आणि तरी गावरान. ती भाषा ज्यांनी तंबूत किंवा शाहू, पद्मा, प्रभातसारख्या टॉकीजमध्ये ऐकली त्यांना आजही संवादांचे तुकडे पाठ आहेत. जुन्या चित्रपटांच्या शौकिनांची बैठक कोल्हापुरात कुठेही जमली की बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येतं: हे सगळं एका संचात, घरी, नातवंडांना घेऊन कधी बघायला मिळणार?

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरवला, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता, आणि कॅमेरा तर इथल्याच कारागिरीतून तयार झाला. १९२० च्या ‘सैरंध्री’साठी लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९२३ चा ‘सिंहगड’. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर बेतलेल्या या मूकपटात व्ही. शांताराम शेलारमामा झाले होते, आणि रात्रीच्या दृश्यांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. मराठी ऐतिहासिक साहसपटाचा साचा इथे पडला असं मी मानतो. पुढे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली आणि १९३० मध्ये ‘उदयकाल’ काढला. त्याचं मूळ नाव होतं ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला खपला नाही, नाव बदलावं लागलं. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. म्हणजे भालजींच्या हाती आलं ते नुसतं कथानकांचं भांडार नव्हतं. घोडे पळवायची, किल्ला उभारायची, तलवार खरी वाटेल अशी फिरवायची एक तयार परंपरा या शहरात होती.

त्या मूक परंपरेतलं आज काय उरलं आहे? भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले मोजायला गेलं तर तीसच्या आसपास भरतात. बाबूरावांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’चा काही भाग शिल्लक आहे. १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. आपण ज्याला ‘सावकारी पाश’ म्हणून ओळखतो तो १९३६ चा बोलपट. ‘सिंहगड’सुद्धा गेला.

हे चित्रपट नष्ट कसे झाले ते समजून घेतलं पाहिजे, कारण त्याच वाटेने उरलेलेही जाऊ शकतात. १९५० च्या आसपासपर्यंत व्यावसायिक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्मवर निघत. ही फिल्म विलक्षण ज्वालाग्राही. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही. आग लागली नाही तरी ती आतून कुजते: आधी पिवळी पडते, मग चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. नंतर आलेली ॲसिटेट फिल्म ‘सेफ्टी’ म्हणून विकली गेली, पण दमट उकाड्यात तिचंही ॲसेटिक आम्ल सुटतं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते आणि वाकडी होते. आपल्याकडचा पावसाळा या दोन्हींना मानवत नाही. त्यात कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते. चित्रपटाचं उत्पन्न संपलं की जुन्या प्रिंट चांदी काढण्यासाठी भंगारात जात. वितरकाला गोदामाचं भाडं परवडत नसे आणि भंगारवाला रोख देत असे.

कोल्हापूरच्या वाट्याला आणखी एक आग आली. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या सुरुवातीला दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. त्यात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. तयार होत आलेला ‘मीठभाकर’ जळाला. भालजींनी तो नव्याने उभा केला आणि प्रदर्शितही केला. त्या माणसाची जिद्द यातून कळतेच. पण ज्या स्टुडिओत एवढी आग झाली तिथल्या त्याआधीच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह शोधताना आपण कशाला सामोरे जात आहोत, हेही कळतं. पुढे भालजी कर्जात सापडले आणि १९५९ मध्ये लता मंगेशकरांनी जयप्रभा घेतला. त्याच लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ यांना संगीत दिलं. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला. १९९४ मध्ये ते गेले. २०२२ मध्ये स्टुडिओच्या जागेच्या विक्रीची बातमी फुटली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर आले, उपोषणं झाली. जागेसाठी एवढे लोक उठले याचा मला अभिमान आहे. त्या जागेत जे चित्रित झालं त्याच्यासाठीही असंच उठायला हवं.

घरी चित्रपट बघण्याची सोय आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आली. आधी मुंबई दूरदर्शनवरचा आठवड्याचा मराठी चित्रपट, ज्यासाठी आळीतली निम्मी माणसं टीव्ही असलेल्या एका घरात जमत. मग व्हीसीआर आणि भाड्याच्या कॅसेट. मग व्हीसीडी. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा जुने चित्रपट किराणा दुकानात टांगलेले दिसू लागले. याच लाटेत काही मराठी ऐतिहासिक चित्रपटही चकतीवर आले, पण कसे? दूरदर्शनच्या जुन्या टेपवरून किंवा झिजलेल्या वितरण प्रिंटवरून. कडा कापलेल्या, रिळाच्या सांध्यावर उड्या मारणारं दृश्य, पिंपातून आल्यासारखा आवाज. आज इंटरनेटवर ज्या धूसर प्रती फिरतात त्या बहुतेक याच जातीच्या. त्या बघून नव्या पिढीचा समज होतो की जुने चित्रपट असेच अंधारे असायचे. हा भालजींवर आणि त्यांच्या छायालेखकांवर अन्याय आहे.

याउलट प्रभातचं बघा. ती कंपनीही कोल्हापूरचीच, १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या बोलपटांचे हक्क दामले कुटुंबाने जपले, निगेटिव्हची काळजी घेतली आणि ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट बऱ्या अवस्थेत चकतीवर आणले. एका घराने मनावर घेतलं एवढाच फरक. भालजींच्या चित्रपटांमागे मात्र वेगवेगळे निर्माते, वेगवेगळ्या संस्था आणि वेगवेगळे भांडवलदार होते. त्यामुळे ‘हक्क कुणाचे?’ या प्रश्नाशी येऊन गेली कित्येक वर्षं प्रत्येक चर्चा थांबत आली.

तो प्रश्न आता बराचसा सुटला आहे, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. या हिशेबाने ‘मोहित्यांची मंजुळा’चा हक्क २०२३ अखेर संपला, ‘मराठा तितुका मेळवावा’चा २०२४ अखेर आणि ‘साधी माणसं’चा २०२५ अखेर. गाण्यांचं प्रकरण वेगळं. शब्द आणि चाल यांच्या हक्काची मुदत कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते. लताबाई फेब्रुवारी २०२२ मध्ये गेल्या, म्हणजे आनंदघनच्या चालींची मुदत २०८२ पर्यंत आहे. तेव्हा संच काढणाऱ्याला गाण्यांसाठी रीतसर बोलणी करावीच लागतील आणि ती आनंदाने करावीत. पण चित्रपटाच्या हक्कदाराचा पत्ता लागत नाही म्हणून काम अडलं, ही सबब यापुढे चालणार नाही.

अडचण उरते ती मूळ प्रतीची. हक्क संपला तरी निगेटिव्ह ज्याच्या कपाटात आहे त्याच्याच ताब्यात राहते. आणि निगेटिव्हशिवाय जीर्णोद्धार म्हणजे फोटोच्या झेरॉक्सवरून पुन्हा फोटो काढणं. चांगली निगेटिव्ह किंवा सुरुवातीची प्रिंट मिळाली तर पुढची वाट आखलेली आहे: फिल्मची धुलाई, कडेच्या फाटलेल्या छिद्रांची डागडुजी, मग एकेका चौकटीचं स्कॅनिंग. अडीच तासांच्या बोलपटात, सेकंदाला २४ या वेगाने, २ लाख १६ हजार चौकटी असतात. ओरखडे आणि थरथर संगणकावर कमी करता येते, फिल्मच्या कडेला छापलेला ध्वनिपट्टा वेगळा वाचून साफ करता येतो. हे सगळं करणारी माणसं आणि यंत्रं भारतात आहेत. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून सरकारी पैसाही या कामात आला आहे.

दुसऱ्या एका देशातलं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही साहसमालिका १९६३ मध्ये सुरू झाली. जुने भाग पुन्हा कोण बघणार, असं समजून तिच्या टेप पुसून परत वापरल्या गेल्या आणि शेकड्याच्या आसपास भाग नाहीसे झाले. पण प्रेक्षकांतल्या काहींनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज टिपून ठेवला होता, त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज शाबूत आहे. चित्रं शोधणाऱ्यांनीही हार मानली नाही. जगभरच्या ज्या वाहिन्यांना ती मालिका विकली होती त्यांच्या गोदामांची यादी करून ते फिरले, आणि २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग परत आल्याचं जाहीर झालं. सगळे भाग मिळाल्यावर संच काढू, असं म्हणत ते बसले नाहीत. जे होतं ते प्रकाशित केलं, जे नव्हतं तिथे आवाज आणि स्थिरचित्रं लावली, आणि त्यातून आणखी लोक शोधाला लागले.

कोल्हापूरचा संच असाच असावा असं मला वाटतं. ज्या चित्रपटाची चांगली प्रत आहे तो पूर्ण. ज्याची चार रिळं उरली त्याची चार रिळं. ज्याचं काहीच नाही त्याची गाण्यांची छापील पुस्तिका, ध्वनिमुद्रिका, स्टुडिओतली स्थिरचित्रं, जाहिराती. या वस्तू घराघरांत आहेत. चंद्रकांत मांडरे पडद्यावरचे शिवाजी महाराज होते तसे उत्तम चित्रकारही होते, त्यांचं कलादालन राजारामपुरीत आहे. ‘छत्रपती शिवाजी’मध्ये त्यांच्यासमोर मिर्झाराजे जयसिंग म्हणून पृथ्वीराज कपूर उभे राहिले होते. त्या दोघांच्या प्रवेशाची शुद्ध प्रत आणि सोबत त्या चित्रपटाच्या घडणीवरचा तासाभराचा माहितीपट असेल, तर मी त्यासाठी व्हीसीडीच्या शंभरपट किंमत मोजेन, आणि असं म्हणणारा मी एकटा नाही. चकती असो, पेनड्राइव्ह असो की एखादी ओटीटी वाहिनी, साधन दुय्यम आहे. प्रत घरात राहिली पाहिजे, वाहिनीचा करार संपला म्हणून एका रात्रीत नाहीशी होता कामा नये. म्हणून मी अजूनही चकतीच्या बाजूचा.

काम कुणी करायचं? अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्यालय कोल्हापुरात आहे. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. बाबूरावांचंच नाव घेतलेली कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी चित्रपट महोत्सव भरवते. या तिघांनी एकत्र बसून पहिल्यांदा एकच करावं: भालजींच्या प्रत्येक चित्रपटापुढे कोणती सामग्री कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे याची यादी जाहीर करावी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करत आलं आहे, त्याच्या नोंदींपासून सुरुवात होईल. यादी समोर आली की उरलेल्या रिकाम्या जागा लोकच भरतील.

कारण डबे अजून आहेत. बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्शन खोलीत, जत्रांतून तंबू फिरवणाऱ्यांच्या माळ्यावर, वितरकांच्या वारसांच्या घरी. असा पत्र्याचा डबा कुणाला मिळाला तर तो उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, आत बघण्यासाठी रीळ उलगडू नये आणि घरच्या प्रोजेक्टरवर तर चुकूनही चढवू नये. झाकणावरचं लेबल, डब्याचा आकडा आणि फिल्मच्या कडेवर छापलेली अक्षरं यांचे फोटो काढावेत. कडेवर ‘नायट्रेट’ लिहिलेलं दिसलं तर डबा राहत्या घराबाहेर, सावलीत, थंड जागी हलवावा आणि पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालयाला त्याच दिवशी कळवावं.