रक्त पत्ता सांगते, लायकी नाही

स्वीडनमधील लिनशोपिंग या शहरात १९ ऑक्टोबर २००४ च्या सकाळी आठ वर्षांचा एक मुलगा शाळेला निघाला होता. भर रस्त्यात एका तरुणाने त्याला सुऱ्याने भोसकले. त्याच रस्त्यावर असलेल्या छप्पन्न वर्षांच्या एका बाईने ते पाहिले. त्याने तिलाही भोसकले. दोघेही दगावले. मुलगा बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या अरब कुटुंबातला, बाई स्वीडिश. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती आणि मारेकऱ्याची त्या दोघांशीही ओळख नव्हती. सुरा सापडला, टोपी सापडली, मारेकऱ्याचा डीएनए सापडला. मारेकरी मात्र पुढची सोळा वर्षे सापडला नाही.

या खऱ्या घटनेवर बेतलेली ‘द ब्रेकथ्रू’ ही चार भागांची स्वीडिश मालिका जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. दिग्दर्शन लिसा सीवे यांचे, लेखन ऑस्कर सोडरलुंड यांचे. पत्रकार आना बोदीन आणि वंशावळींचे अभ्यासक पेटर शोलुंड यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाचा तिला आधार आहे. मालिकेत माणसांची नावे बदललेली आहेत, घटनेचा सांगाडा तोच आहे. आम्ही ती खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत वाचत पाहिली. आमच्या वाचकांनी ती का पाहावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधीच सांगून टाकतो, ही मालिका संथ आहे. ‘सीआयडी’तल्या दयाने दार तोडले की तपास संपला, अशी सवय ज्यांना लागली आहे त्यांना पहिला भाग जड जाईल. इथे दार तुटत नाही. इथे पोलीस अधिकारी कागद वाचतो, फोन करतो, पुन्हा कागद वाचतो. कथा दोन काळांत आहे, २००४ आणि २०२०. पेटर एगर्स या नटाने रंगवलेला तपास अधिकारी सुरुवातीला लवकरच बाप होणारा तरुण आहे. पुढे दिसतो तेव्हा त्याचा संसार मोडलेला आहे, मुलगा वाढलेला आहे आणि त्या मुलाला बापाबद्दल फारसे काही वाटत नाही. टेबलावर फाईल तीच आहे. मधली वर्षे दाखवायची गरजच पडत नाही. ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतात. मारेकऱ्याला पाहूनही ज्या साक्षीदार बाईला त्याचा चेहरा आठवत नाही, तिच्याही आयुष्यावर ती वर्षे बसलेली आहेत. न्यायाला उशीर लागतो म्हणजे नेमके काय होते, ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून ही गती आम्हाला रटाळ वाटली नाही, खरी वाटली.

उत्तर युरोपातील गुन्हेकथांची ही परंपरा जुनी आहे. माय शोवाल आणि पेर वालो या डाव्या विचारांच्या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. कथा पोलिसी तपासाची, पण प्रत्येक कादंबरी स्वीडनच्या कल्याणकारी राज्याची उलटतपासणी घेणारी. पुढे स्टीग लार्सन आला. वंशद्वेषी संघटनांवर नजर ठेवण्यासाठी १९९५ मध्ये ‘एक्स्पो’ सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. २००४ मध्ये तो वारला आणि त्याच्या कादंबऱ्या त्याच्या मृत्यूनंतर जगभर गाजल्या. त्यातल्या पहिल्या कादंबरीचे मूळ स्वीडिश नाव ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’ असे आहे. म्हणजे तिथल्या गुन्हेकथेत ‘खून कोणी केला’ या प्रश्नाच्या मागे ‘हा समाज कसा आहे’ हा दुसरा प्रश्न उभा असतो. ‘द ब्रेकथ्रू’मध्येही तो आहे, फक्त तो फार हळू आवाजात विचारला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डीएनए हाती होता, पण तो कोणाशी जुळत नव्हता. हजारो पुरुषांचे नमुने तपासून झाले. पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या खुनाचा तपास सोडला तर स्वीडनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा तपास. तरीही हाती शून्य. मग २०१८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पोलिसांनी अनेक खून व बलात्कार करून दशकानुदशके मोकळ्या राहिलेल्या एका माणसाला वेगळ्याच मार्गाने पकडले. हौसेने आपले पूर्वज शोधणारे लोक आपला डीएनए ज्या संकेतस्थळांवर नोंदवतात, तिथे पोलिसांनी गुन्हेगाराचा डीएनए ताडून पाहिला. तो स्वतः तिथे नव्हता, पण त्याचे दूरचे भाऊबंद होते. तीच वाट लिनशोपिंगच्या पोलिसांनी धरली आणि वंशावळ शोधणाऱ्या शोलुंड यांना बोलावले. मालिकेत हे पात्र मातियास नूर्डक्विस्ट याने साकारले आहे. थोडा एकलकोंडा, कागदांत रमणारा, माणसांपेक्षा त्यांच्या खापरपणजोबांशी जास्त ओळख असलेला.

या माणसाचे काम आम्हाला अजिबात परके वाटले नाही. आपल्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्यान् पिढ्यांची नावे वाचून दाखवतो. आणि जात पडताळणीची प्रकरणे ज्याने चालवली आहेत त्या प्रत्येक वकिलाने कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातले आहेत, आजोबा-पणजोबांची नावे जोडून वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तयार केले आहे. स्वीडनचे कोतवाल बुक चर्चमध्ये आहे. १६८६ च्या चर्च कायद्याने जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्याची सक्ती तिथल्या पाद्र्यांवर केली. त्यामुळे गरिबातल्या गरीब कुळवाड्याचीही नोंद तिथे सापडते. दूरच्या नातेवाइकांवरून समान पूर्वज गाठायचा आणि मग त्या पूर्वजाची सगळी लेकरे, नातवंडे, पणतवंडे उतरत उतरत आजपर्यंत यायचे. शेकडो कुटुंबे ओलांडत ही वंशावळ शेवटी दोन सख्ख्या भावांपाशी येऊन थांबली.

वाचकहो, याच ठिकाणी आम्ही थांबलो. कारण रक्त आणि वंशावळ हे शब्द आपल्याला साधे नाहीत. आणि स्वीडनलाही ते साधे नाहीत. याच देशाने १९२२ मध्ये उप्साला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था काढली होती. हेरमान लुंडबोरी हा तिचा पहिला प्रमुख. उत्तरेकडील सामी या आदिवासी लोकांची डोकी मोजायची, नाके मोजायची, छायाचित्रे काढायची आणि कोणाचे रक्त उच्च व कोणाचे हीन ते ठरवायचे, हे त्या संस्थेचे ‘विज्ञान’. पुढे नसबंदीचे कायदे आले आणि १९७५ पर्यंतच्या चार दशकांत साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. त्यांत बहुसंख्य बायका होत्या आणि कित्येकींवर दडपण आणलेले होते. ज्या देशाने एकेकाळी रक्तावरून माणसाची किंमत ठरवली, त्याच देशात शंभर वर्षांनी रक्तावरून एक खुनी सापडला. या दोन्ही गोष्टींत फरक काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

फरक असा आहे. उप्सालाच्या संस्थेने रक्ताला विचारले, हा माणूस केवढ्या लायकीचा? लिनशोपिंगच्या तपासाने रक्ताला विचारले, हा माणूस राहतो कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रक्ताजवळ कधीच नव्हते; ते उत्तर सत्ताधाऱ्यांनी आधीच तयार ठेवले होते आणि रक्ताच्या तोंडी घातले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रक्त देऊ शकते, पण तेही अर्धेच. वंशावळीने बोट दाखवले ते दोन भावांकडे. दोघांचे आईबाप एक, आजोबा एक, घर एक. त्यातला एक मारेकरी आणि दुसरा पूर्ण निर्दोष. गुन्हा रक्तात असतो असे मानणाऱ्यांनी या दोन भावांचे काय करायचे ते सांगावे. नमुना प्रत्यक्ष घेऊन जुळवला, तेव्हाच पोलिसांनी एका भावावर आरोप ठेवला. शेकडो कुटुंबांच्या त्या झाडावर शिक्षक असतील, शेतकरी असतील, सुतार असतील. खुनी तेवढा एकच होता.

इथे आपल्या देशाची आठवण होणे अटळ आहे. गुन्हा रक्तात असतो या समजुतीवर इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्माला आलेले मूल जन्मतःच गुन्हेगार. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये पिढ्या कुजल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण पारध्याच्या पालावर आजही चोरीचा पहिला संशय जातो. २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्याने अटक केलेल्यांच्या शारीरिक व जैविक नमुन्यांच्या नोंदी घेण्याचा आणि त्या पंचाहत्तर वर्षे ठेवण्याचा मार्ग मोकळा केला आहे. नमुने गोळा करणारा हात आधी कोणाच्या वस्तीत शिरेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून या पद्धतीचे आंधळे कौतुक आम्ही करणार नाही. एकाने हौसेने आपला डीएनए संकेतस्थळावर टाकला, म्हणून त्याच्या चुलत-मावस भावंडांची संमती मिळाली असे होत नाही. निर्दोष माणसांचे डीएनए नमुने पोलिसांनी बेमुदत ठेवणे हे खासगी जीवनाच्या हक्काचे उल्लंघन आहे, असा निकाल स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनविरुद्ध दिला आहे. स्वीडनमध्येही या एका यशानंतर वंशावळीची पद्धत कायद्यात बसते का, यावर बराच खल झाला आणि २०२५ मध्ये खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांपुरती तिला कायद्याने वाट करून दिली गेली. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. हत्यार चांगले आहे म्हणून ते कोणाच्याही हाती, कोणत्याही कारणासाठी द्यायचे नसते. आधी मर्यादा, मग अधिकार.

पण एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ९ जून २०२० रोजी लिनशोपिंगमध्ये सदतीस वर्षांच्या एका माणसाला अटक झाली. तो त्याच शहरातला, एकटा राहणारा, हजारो नावांच्या त्या फाईलीत ज्याचे नाव कधी आलेच नाही असा. त्याने गुन्हा कबूल केला. त्याला गंभीर मानसिक आजार असल्याचे निष्पन्न झाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला बंदिस्त मनोरुग्ण उपचारांची शिक्षा दिली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १० जून २०२० रोजी, स्टॉकहोममध्ये सरकारी वकिलांनी पाल्मे खुनाचा तपास बंद केल्याचे जाहीर केले. ज्याच्याकडे त्यांनी बोट दाखवले तो केव्हाच मेला होता, त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही. देशातली सर्वांत मोठी फाईल पंतप्रधानाची, तिला निकाल नाही. दुसऱ्या क्रमांकाची फाईल एका स्थलांतरिताच्या शाळकरी पोराची आणि एका साध्या बाईची, तिला निकाल मिळाला.

स्वीडन म्हणजे स्वर्ग, असे आमचे म्हणणे नाही. १९९१-९२ मध्ये याच देशात एक माणूस परदेशी दिसणाऱ्यांना टिपून गोळ्या घालत होता. अकरा जणांना त्याने गोळ्या घातल्या, त्यात एक ठार झाला. तिथेही द्वेष आहे आणि द्वेषावर मते मागणारे पक्षही आहेत. पण लिनशोपिंगच्या तपासात अरब पोराचा खून आणि स्वीडिश बाईचा खून यांच्या दोन फायली झाल्या नाहीत. एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर, एकाच क्रमांकाखाली त्या सोळा वर्षे राहिल्या. स्वीडनने २०१० मध्ये खुनाच्या खटल्याची कालमर्यादा काढून टाकली, त्यामुळे काळाच्या जोरावर ती फाईल बंद करण्याची सोयही उरली नव्हती.

मालिकेने मारेकऱ्याला फार जागा दिलेली नाही. त्याचे बालपण, त्याचे दुःख, त्याचा मेंदू यांवर एक अख्खा भाग खर्च करता आला असता. दिग्दर्शिकेने तो मोह टाळला. तिने कॅमेरा ठेवला तो मुलाच्या आईबापांवर, त्या बाईच्या घरच्यांवर आणि कागद चाळणाऱ्या दोन माणसांवर. गेलेला परत येत नाही, हे त्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला हवे होते ते एवढेच, की कोणीतरी फाईल मिटवू नये. सोळा वर्षे कोणीतरी ती मिटवली नाही.