बाळाची धाप आणि अँटिबायोटिक

माझ्या भाचीचे सिझेरियन कळा सुरू होण्याआधीच, तारीख ठरवून झाले. मुलगी झाली. कानात अजान दिली आणि तासाभरात बाळाला धाप लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, अँटिबायोटिकची इंजेक्शने सुरू केली. घरात लगेच दोन तट पडले. माझी आपा म्हणाली, “एवढ्याशा जिवाला इतकी कडक औषधं कशाला?” भाचीचा नवरा म्हणाला, “खाला, याहून भारी औषध द्यायला सांगा ना!”

भगिनींनो, दोघांचेही चुकत होते.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असते. कळांच्या काळात ते शोषले जाऊ लागते. कळांविना सिझेरियन झाले तर ते जास्त उरते आणि बाळ मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेते. बहुधा दोन-तीन दिवसांत हे आपोआप थांबते. अँटिबायोटिक ते पाणी सुकवत नाही. ते फक्त जंतूंना मारते. पण पहिल्या काही तासांत ही धाप आणि न्यूमोनिया सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टर रक्त कल्चरला पाठवतात आणि धोका नको म्हणून औषध सुरू करतात.

खऱ्या जंतुसंसर्गात हेच औषध जीव वाचवते. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्या बायकांना बाळाचे श्वास मोजायला आणि संसर्गाची लक्षणे दिसताच इंजेक्शन द्यायला शिकवले. या घरपोच सेवेने तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले.

मात्र गरज संपल्यावरही औषध चालू राहिले तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि वाईट जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून औषधाला अडवू नका, आग्रहही धरू नका. एवढेच विचारा : “कल्चरचा रिपोर्ट कधी येईल? त्यात काही नसेल तर औषध कधी बंद होईल?” आमच्या बाळाचा रिपोर्ट दोन दिवसांनी स्वच्छ आला, धाप थांबली होती, औषध त्याच दिवशी बंद झाले.

घरी मात्र धाप दिसली तर वाट पाहू नका. मध-घुट्टी देऊ नका, दुकानातून औषध आणू नका. मानोरा असो की रिसोड, १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. आशाताई घरी येतील तेव्हा बाळाचे श्वास मोजायला शिकून घ्या. एक मिनिट लागते.