माळव्याच्या रात्रीचा वारा

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं उत्तरेत म्हणतात. दिवसभर तापलेल्या पठारावर रात्री गार झुळूक सुटते, तिचं हे कौतुक. पवारांनी धार-देवासला गाद्या मांडल्या, देवासात तर थोरली पाती नि धाकटी पाती अशा वाटण्याही झाल्या. वारा तेवढा कुणाच्या हिश्श्यात आला नाही. १९९० च्या दशकात देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यालाही मीटर लागलं!

टेकडीच का? माथा ओलांडताना वारा दाटतो आणि वेग घेतो. वेगाची किंमत इथे विलक्षण आहे. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा येते आणि तिच्या प्रत्येक किलोतली ऊर्जा चौपट होते. म्हणजे एकूण आठपट. पन्नास मीटर लांबीची पाती फिरताना जवळजवळ दोन एकरांचं वर्तुळ घेरतात. सेकंदाला आठ मीटर वेगाचा वारा असेल, तर त्या वर्तुळातून दर सेकंदाला सुमारे ७० टन हवा जाते. सत्तर टन, आणि आपल्याला दिसत काहीच नाही! त्यातली सगळी ऊर्जा काढता येत नाही. हवा पार थांबवली तर मागची येणार कुठून? आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी गणिताने ही मर्यादा काढली: ५९.३ टक्के.

मला खरी गंमत वाटते ती रात्रीची. दिवसा तापलेली जमीन हवा ढवळत राहते, त्यामुळे वरचा वाराही जमिनीच्या घर्षणात अडकतो. सूर्य मावळला की जमिनीलगतचा थर गार होऊन निपचित पडतो आणि वरची हवा मोकळी सुटते. मोकळ्या, सपाट मुलखात म्हणूनच अंगणातलं पानही हलत नसताना शंभर मीटर उंचीवर वारा जोरात असू शकतो.

पण हा वारा शेतकऱ्याच्या सोयीने वाहत नाही. त्याचा भर पावसाळ्यात, आणि गव्हाला पाणी लागतं हिवाळ्यात. तेव्हा आभाळ मात्र निरभ्र असतं, सौर पंप चालतात. माळव्यात एकट्या पवनचक्कीवर किंवा एकट्या सौर पॅनेलवर भिस्त ठेवणं शहाणपणाचं नाही.

पात्यांचा प्रश्न वेगळाच. धार जिल्ह्यात बदनावरला पुण्याच्या सुझलॉनचा पाती बनवण्याचा कारखाना आहे. काचतंतू आणि रेझिन यांचं हे पातं वजनाला हलकं, ताकदीला दणकट. पण एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी उतरवलेल्या पात्यांचं करायचं काय, यावर जगभर खल चालू आहे.

पावसाळ्यात देवासकडे गेलात, तर एखाद्या मोठ्या पवनचक्कीची फेरी घड्याळ लावून मोजा. पन्नास मीटरच्या पात्याला एका फेरीला चार सेकंद लागत असतील, तर आळसावल्यासारखं दिसणारं त्याचं टोक ताशी २८० किलोमीटर वेगाने धावत असतं.